शनिवारी यंत्राने थांबावे काय?

ज्या कामाला माणूस लागत नाही, जनावर लागत नाही, असे काम शब्बाथच्या दिवशी आपोआप चालू राहिले तर त्यात कोणाचे काय बिघडले, हा प्रश्न वरवर पाहता पंडितांचा वाटेल. परंतु अलीकडे तो आपल्या समाजातील साध्या संसारी माणसांच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे, आणि एका उदाहरणावरून आम्हांस त्याचा विचार करणे भाग पडले. आम्ही रब्बी नव्हे. हलाखाचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गावच्या रब्बींना विचारून घ्यावा. आम्ही लिहितो ते त्या निर्णयाच्या आधीचे आणि नंतरचे, म्हणजे मनाशी करावयाच्या हिशेबाचे आहे.

उदाहरण असे. नेगेवकडील एका गावात, हमरस्त्याला फाटा फुटतो त्या जागी, मोटारी धुण्याचे एक ठिकाण कित्येक वर्षे बंद पडलेले होते. येथील लोक ज्याला शतीफत रेखेव म्हणतात त्यातलाच हा प्रकार, पण नोकर नसलेला. चार गाळे, वर पत्रा, आणि प्रत्येक गाळ्यात भिंतीला एक पेटी. पेटीत नाणे टाकावे, खटका फिरवावा, म्हणजे नळीच्या तोंडातून जोराने पाणी येते. दुसऱ्या खुणेवर साबणाचा फेस, तिसऱ्या खुणेवर पुन्हा स्वच्छ पाणी. नाण्याची वेळ संपली की सर्व बंद. बाजूला गाडीच्या आतली धूळ ओढून घेणारे यंत्र. गल्ल्यावर कोणी बसत नाही, फडके घेऊन कोणी धावत येत नाही. गिऱ्हाइकाने यावे, आपली गाडी आपण धुवावी आणि चालू लागावे. हे ठिकाण आपल्या समाजातील दोघा साडूंनी भाड्याने घेतले व ते पुन्हा सुरू केले. नावे लिहिण्याचे कारण नाही. त्यांची अनुमती घेऊनच हे लिहीत आहोत.

सुरू करण्यास किती खटपट पडली ते थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील विचाराशी त्याचा संबंध आहे. वर्षानुवर्षे उभे राहिलेले यंत्र जसे ठेवले तसे राहत नसते. पंपातील रबरी कड्या वाळून चिरल्या होत्या. उन्हाने नळ्यांना भेगा पडल्या होत्या. इकडचे पाणी चुन्याचे, त्यामुळे नळीच्या तोंडाशी चुन्याचा थर बसून भोके बुजली होती. जमिनीखाली गाळ व तेल अडविण्याचा हौद असतो, कारण धुतलेले तेलकट पाणी तसेच रस्त्याच्या गटारात सोडता येत नाही. तो हौद वाळूने गच्च भरलेला होता. सर्वांत जपण्याची गोष्ट दुसरीच. नळांत कोंडून राहिलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. सुमारे २० ते ४५ अंश उष्णतेचे साचलेले पाणी त्यांना मानवते, आणि फवाऱ्याचे बारीक तुषार श्वासाबरोबर आत गेले तर माणसाला न्यूमोनियासारखा कठीण आजार होऊ शकतो. तेव्हा पहिली फवारणी गिऱ्हाइकाच्या तोंडावर होऊ नये म्हणून सगळे जुने पाणी काढून टाकणे, नळ व टाकी धुऊन निर्जंतुक करणे, हे आधी करावे लागते. या दोघांनी ते केले. अशा कामात घाई करणारे पुष्कळ असतात म्हणून मुद्दाम लिहिले.

आमच्या मनात त्या वेळी एक गोष्ट आली. बैलाला महिनाभर बांधून ठेवले तर तो खाऊन लठ्ठ होतो. यंत्र महिनाभर उभे राहिले तर गंजू लागते. मग यंत्राला विश्रांती म्हणजे काय?

वाद शनिवारवरून निघाला. धाकटे साडू म्हणाले की इस्राएलात माणसाला गाडी धुण्यास सवड होते ती शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी. बाकीचे पाच दिवस नोकरीचे. शनिवारी फाटक लावले तर पंपाचे कर्जही फिटणार नाही. शिवाय आपण तेथे नसणारच. आपण घरी किद्दूश करू, हमीन खाऊ, प्रार्थनेस जाऊ. आपण काम केले नाही, नोकराकडून करविले नाही, जनावराला जुंपले नाही. पेटी आपली जागच्या जागी आहे. थोरले साडू म्हणाले, पेटी कोणाची? आपली. मग पैसा कोणाचा? आपला. मग धंदा कोणाचा? येथपर्यंत आल्यावर दोघे थांबले व आमच्याकडे आले.

आता धाकट्या साडूंच्या बाजूने जितके चांगले बोलता येईल तितके आधी बोलतो, कारण त्यांची बाजू हलकी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी बेथ शम्माय व बेथ हिलेल या दोन पाठशाळांत नेमका हाच वाद झाला होता. मिश्नातील शब्बाथ प्रकरणाच्या पहिल्याच अध्यायात तो नोंदलेला आहे. शुक्रवारी रंग भिजत घातला आणि तो शनिवारी भिजत राहिला तर? शुक्रवारी फासे व जाळी लावली आणि शनिवारी त्यांत पाखरू किंवा मासा सापडला तर? शम्मायच्या शिष्यांनी नको म्हटले. काम शुक्रवारचा दिवस असतानाच पुरे झाले पाहिजे. हिलेलच्या शिष्यांनी परवानगी दिली. सूर्य वर असताना तुम्ही आपला हात काढून घेतला की पुढे जे होईल ते होवो. हलाखा हिलेलप्रमाणे ठरली. म्हणूनच आज आपल्या घरी शुक्रवारी लावलेला दिवा व तापवलेले पाणी चालते, आणि घड्याळाच्या खटक्यावर दिवे आपोआप मालवतात.

त्याच अध्यायात पुढे एक वाक्य आहे त्यावर आपली बेने इस्राएलांची नजर खिळून राहावी. तेथे सांगितले आहे की एका बाबतीत दोन्ही पाठशाळांचे एकमत होते. तेलघाण्याच्या तुळया व द्राक्षांच्या घाण्यावरचे ओझे शुक्रवारी चढवून ठेवावे. रात्रभर तेल झिरपत राहिले तरी हरकत नाही. म्हणजे कडक शम्मायसुद्धा तेल्याला सूट देतात. आणि कोकणातील आपले पूर्वज, ज्यांच्याजवळ मिश्ना नव्हती, गमारा नव्हती, तोराची गुंडाळीही नव्हती, त्यांनी ती सूट घेतली नाही. शुक्रवारी सांज झाली की घाणा बंद. त्यावरून नवगाव, रेवदंडा, थळ, पेण, अष्टमी अशा गावी आपल्याला शनिवार तेली हे नाव पडले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आपण शनिवार तेली. कोकणच्या लोकांना त्यात विचित्र काही वाटले नाही, ही त्या भूमीची थोरवी होय. आमच्या मते जगात फार थोड्या लोकांना आपले नाव आपण जे केले नाही त्यावरून मिळाले असेल.

अर्थात येथे एक भेद आहे व तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. आर्ट्स इस्राएलातील जुना तेलघाणा तुळईच्या भाराने चालत असे. भार चढविला की माणूस घरी गेला तरी चाले. कोकणातला घाणा बैलाचा. उखळ, लाट, जू, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल, आणि मागे हाकणारा माणूस. तेथे आपोआप काही चालत नव्हते, म्हणून सूट घ्यावयाची म्हटली तरी घेता आली नसती. बैलाच्या विश्रांतीची आज्ञा तर तोरातच आहे.

ही गोष्ट या दोघांच्या सासूबाईंनी फार सोप्या रीतीने सांगितली. बाईंचे आजोबा अलिबाग तालुक्यातील. घाणा त्यांनी लहानपणी पाहिलेला. वाद ऐकून त्या धाकट्या जावयास म्हणाल्या, "जावईबापू, शनिवारी आमच्या आजोबांचा घाणा बंद म्हणजे बैल सुटा. पेंड खाऊन सावलीत बसे. तुमच्या या यंत्राचा बैल कोण ते मला दाखवा, मग बोलू." धाकटे साडू हसले. ते म्हणाले, "सासूबाई, बैल नाही, म्हणूनच तर मी म्हणतो." त्यावर बाई म्हणाल्या, "बैल नाही असा घाणा मी अजून पाहिला नाही."

आम्हांस वाटते की साऱ्या वादाची किल्ली या बोलण्यात आहे. शोधू लागले तर बैल एक नव्हे, दोन सापडतात.

पहिला बैल म्हणजे मालक स्वतः. नोकर नसलेल्या धंद्यात नोकर नसतो असे म्हणतात, पण नाणे अडकले की पेटीवर लिहिलेला टेलिफोन नंबर फिरविला जातो. नळी फुटली, पाणी वाहू लागले, कोणाचा साबण संपला, कोणाच्या गाडीवर ओरखडा उठला, की तो नंबर वाजतो. सुरू केल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत धाकट्या साडूंना किती रात्री पायजम्यावर धावावे लागले ते त्यांच्या पत्नीने आम्हांस सांगितले. शनिवारी ते फोन घेणार नाहीत असे ते म्हणतात. आम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. पण फोन न घेता घरात बसलेल्या माणसाचे कान कोठे असतात? किद्दूशचा पेला हातात आणि लक्ष पंपात, याला सुटा बैल म्हणता येईल काय?

दुसरा बैल गिऱ्हाईक. येथे हिलेलच्या जाळ्याचा दाखला धाकट्या साडूंनी पुन्हा पुढे केला. ते म्हणाले, पेटी हे माझे जाळे. मी शुक्रवारी लावले, शनिवारी त्यात जे पडेल ते पडेल. युक्तिवाद चतुर आहे. परंतु जाळ्यात पडतो तो मासा, आणि माशाला शब्बाथ पाळण्याची आज्ञा नाही. पेटीत नाणे टाकणारा हात मात्र बहुधा आपल्याच भावाचा असतो. रंग भिजतो, तेल झिरपते, त्यात शनिवारी कोणी हात घालीत नाही. ही पेटी मात्र कोणी हात घालीपर्यंत मुकी असते. जे काम शुक्रवारी संपलेच नव्हते, जे प्रत्येक नाण्यागणिक नव्याने सुरू होते, त्याला आपोआप चालणारे म्हणणे कठीण. यंत्राने काम केले असे आपण म्हणतो खरे, पण नळी धरणारा, फेस फासणारा, वाकून चाके घासणारा माणूसच. फरक इतकाच की पूर्वी मजुरी देऊन माणूस राबवीत, आता राबणारा माणूसच पैसे देतो. नव्या युगाने लावलेल्या शोधांत हा शोध आम्हांस नेहमी गमतीचा वाटत आला आहे.

आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये अशी आज्ञा लेवीयच्या १९व्या अध्यायात आहे. तल्मूदच्या पंडितांनी तिचा अर्थ वाढवून सांगितला, की ज्याने द्राक्षारस न पिण्याचा नवस केला आहे त्याच्या हाती पेला देऊ नये. पण त्यांनी एक बारीक गोष्ट जोडली. तो नदीच्या पलीकडच्या काठावर असेल आणि तुमच्यावाचून पेला त्याला मिळणारच नसेल, तर दोष पुरा. धाकट्या साडूंना हे कोणीतरी सांगितले होते. ते म्हणाले, हमरस्त्यावर दुसरे ठिकाण सातही दिवस उघडे आहे. माझ्या फाटकाने कोणी अडत नाही, कोणी पडत नाही. पुढील काळच्या पुष्कळ पंडितांनी मात्र म्हटले आहे की पेला त्याला दुसरीकडून मिळत असला तरी साहाय्य करू नये. आम्ही आणखी एक साधी गोष्ट विचारतो. दुसरे ठिकाण आहे म्हणून माझ्या उघडण्याने काही वाढत नाही असे म्हणता, तर माझ्या बंद ठेवण्यानेही कोणाचे काही अडत नाही, हेही त्याच तोंडाने कबूल करावे लागते. मग उरते काय? उरतो फक्त पैसा. पैशाची गरज लाजिरवाणी नाही. कर्ज कर्जच असते. पण वाद कशाचा आहे ते तरी स्पष्ट होते.

पाण्याच्या चक्कीविषयीचे एक जुने संभाषण गमारात आहे. शुक्रवारी चक्कीत गहू घालून ठेवू नयेत, ते शब्बाथपूर्वी दळून झाले पाहिजेत, असे तेथे म्हटले आहे. कारण विचारल्यावर राब्बा म्हणतात की चक्कीचा आवाज होतो. रब्बी योसेफ विचारतात की भांड्यांना, अवजारांनाही विश्रांती हवी, हे कारण का देत नाही? अवजाराची विश्रांती हे शम्मायचे मत म्हणून शेवटी मागे पडले. पण आवाजाचे कारण टिकले. शुल्हान आरूखवर टीप लिहिणारे पोलंडचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी चक्कीच्या बाबतीत आवाजाची चिंता धरली, आणि ठोके देणाऱ्या घड्याळाला मोकळीक दिली, कारण घड्याळ आदल्या दिवशीच लावून ठेवलेले असते हे ज्याला त्याला ठाऊक आहे. आवाजाने काय होते? गावाला ऐकू जाते की अमक्याची चक्की शब्बाथला दळते आहे. आमच्या पाणी फेकणाऱ्या पंपाचा आवाज चक्कीहून लहान नाही, आणि फाट्यावरील त्या चार गाळ्यांपासून प्रार्थनालय हाकेच्या अंतरावर आहे.

तरीही लोक काय म्हणतील या भयाने फाटक लावावे असे आम्ही सांगणार नाही. ते भय दुबळे असते. आज प्रार्थनालय जवळ आहे, उद्या दूर गेले तर फाटक उघडावयाचे काय?

कायद्याकडे पाहिले तर १९५१ च्या कामाचे तास व विश्रांती यांच्या कायद्याने आठवड्यातून निदान ३६ तासांची सलग विश्रांती ठरवून दिली व यहुद्यासाठी तीत शब्बाथ धरला; पण त्याचा मुख्य रोख कामगाराकडे आहे, आणि गावोगावचे नियम व त्यांची अंमलबजावणी निरनिराळी. सरकारी निरीक्षकाच्या भयाने पाळलेला शब्बाथ हा दंडाचा हिशेब असतो.

मग शब्बाथ कशासाठी? तोरात दहा आज्ञा दोन ठिकाणी आहेत, आणि या आज्ञेची कारणे दोन ठिकाणी दोन दिली आहेत. अनुवादच्या ५व्या अध्यायात कारण मिसरातील दास्याचे: तू दास होतास हे आठव, म्हणून तुझ्या दासाला, बैलाला, गाढवाला, दाराशी असलेल्या परक्यालाही विसावा दे. या कारणाने पाहिले तर यंत्र सुटते; लोखंड दास नव्हे. निर्गमच्या २०व्या अध्यायात मात्र कारण सृष्टीचे आहे: सहा दिवसांत आकाश व पृथ्वी घडवून परमेश्वराने सातव्या दिवशी विसावा घेतला. परमेश्वर थकला होता असे कोणी म्हणणार नाही. आठवा दिवस, नववा दिवस, तो घडवीतच राहू शकला असता. जे चालू ठेवता येत होते ते त्याने थांबविले. या कारणाने पाहिले म्हणजे प्रश्नाचे तोंडच फिरते. थकलेल्या बैलाला थांबविण्यात दया आहे. पण बैल तसाही थांबणारच होता, आज नाही तर मरून. न थकणाऱ्या यंत्राला थांबविणे हे मात्र केवळ आपल्या मनावर आहे. त्याला दुसरे कोणतेही कारण नाही. आम्हांस असे वाटते की यंत्रांच्या या दिवसांत शब्बाथचे हे दुसरे कारणच अधिक कामाला येणार आहे, कारण दमणारी वस्तू आपल्याभोवती दिवसेंदिवस कमी होत चालली आहे.

यावर धाकट्या साडूंनी जे विचारले त्याने आम्ही जरा गप्प झालो. ते म्हणाले, हे ठिकाण कित्येक वर्षे बंदच होते. शब्बाथ, सण, उपास, सगळे पाळून झाले त्याचे. अजून किती विश्रांती द्यायची?

थट्टेत विचारले, पण प्रश्न खोल आहे. लेवीयच्या २६व्या अध्यायात आहे की लोकांनी भूमीला तिचे शब्बाथ दिले नाहीत तर ते देशोधडीला लागतील आणि भूमी ओसाड पडून आपले शब्बाथ भरून घेईल. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी तेच बाबेलच्या बंदिवासाविषयी सांगितले आहे, ७० वर्षे भरेपर्यंत. म्हणजे ओसाड पडणे हाही एक प्रकारचा शब्बाथच. पण कसला? देणारा कोणी नसताना वसूल केलेला. शमिट्टाच्या वर्षी, जसे २०२१-२२ साली होते आणि पुढे २०२८-२९ साली येईल, शेत पडून राहते; पण मालकाला ठाऊक असते की अमुक दिवशी पुन्हा नांगर चालणार. कुंपण तेच, बांध तोच. बाहेरून जाणाऱ्याला शमिट्टाचे शेत आणि बेवारशी शेत सारखेच दिसेल. बंद फाटक तेही, बंद फाटक हेही. ज्या वर्षांत पंपाच्या कड्या वाळत होत्या, पाण्यात जंतू वाढत होते आणि हौदात वाळू साचत होती, त्या वर्षांत कोणी ते ठिकाण थांबविले नव्हते. सोडून दिले होते. एका रात्रीच्या व एका दिवसाच्या थांबण्याने पंप वाळत नाही, हे त्यांच्याच कारागिराने सांगितले. शनिवारी संध्याकाळी हाव्दाला झाल्यावर किल्ली घेऊन कोणी येणार आहे की नाही, एवढ्यावर सारे आहे.

बेवारशी शब्द आला म्हणून एक लहान गोष्ट मध्येच सांगून टाकतो. जुन्या पेट्या उघडल्या तेव्हा तळाशी काही सुटी नाणी निघाली, आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या पिंपात किल्ल्यांचा एक जुडगा व सोन्याची एक बारीक अंगठी. नाण्यांबद्दल मिश्नात स्पष्ट आहे: विखुरलेली नाणी ज्याला सापडली त्याची, कारण त्यांवर खूण नसते. अंगठीवर आतून दोन अक्षरे कोरलेली आहेत. तेव्हा ती त्यांची नव्हे. वर्षे गेली, धनी मिळणे दुरापास्त, कदाचित त्याने आशाही सोडली असेल. तरी फाटकाजवळ हिब्रू, अरबी व रशियन अशा तीन भाषांत चिठ्ठी लावली आहे, आणि अंगठी सासूबाईंच्या कपाटात आहे. या बाबतीत दोघा साडूंत वाद झाला नाही, हे आम्हांस आवडले.

आता दुसऱ्या बाजूचे जे आम्हांस खरोखर बोचते ते. शनिवारी गाडी धुणारा प्रत्येकजण शब्बाथचा शत्रू नसतो. त्या गावात अरब आहेत, ख्रिस्ती आहेत, बेदुइन आहेत. त्यांना शनिवार हा मोकळा दिवस आहे, इतकेच. सैन्यात असलेला मुलगा शुक्रवारी रात्री घरी येतो व रविवारी पहाटे परत जातो. बापाची गाडी धुऊन द्यावी असे त्याला वाटले तर आपण त्याला काय शिकविणार? आपल्या समाजातही शनिवारी गाडी काढणारे थोडे नाहीत. आणि मुंबईत शनिवारी कचेऱ्या चालत, रेल्वे चाले, गोदी चाले. आपल्या बापजाद्यांपैकी कित्येकांनी शनिवारी हजेरी लावून मुले वाढविली. घाणा सोडून नोकरीस लागलो तेव्हा शनिवारही बराचसा कोकणात राहिला. त्यांना आज उपदेश करणारे आम्ही कोण? पोटाने जे करविले त्याबद्दल त्यांनी कधी बढाई मारली नाही आणि हे बरोबर आहे असेही कधी म्हटले नाही. संध्याकाळी घरी येऊन हात धुऊन त्यांनी शमा म्हटले.

पण मुंबईत शनिवार आपल्या हातात नव्हता. किल्ली साहेबाच्या खिशात होती. नेगेवातील त्या फाटकाची किल्ली आपल्याच माणसाच्या खिशात आहे. नहेम्या यरुशलेमास आला तेव्हा लोक शब्बाथला द्राक्षे तुडवीत होते, गाढवांवर धान्य लादीत होते, सोरचे व्यापारी मासे विकीत होते. त्याने भाषण केले, रागेही भरला. पण गुण आला तो दरवाज्याने. अंधार पडू लागताच वेशीचे दरवाजे लावा म्हणून त्याने हुकूम केला. व्यापारी एकदोनदा बाहेर भिंतीशी निजले आणि मग शब्बाथला यावयाचे थांबले. ज्याच्या हाती दरवाजा नाही त्याच्याकडून आम्ही काही मागत नाही. ज्याच्या हाती आहे त्याने तो लावावा, असे आमचे मत आम्ही दोघांना सांगितले. बेदुइन गिऱ्हाइकाची गैरसोय होईल. त्याबद्दल त्याच्याशी आठवडाभर चांगले वागावे, दुसरा उपाय आम्हांस दिसत नाही.

थोरल्या साडूंना ते पटले. धाकट्यांना अर्धे पटले. त्यांनी वही घातली आहे. रोश हशानापर्यंत प्रत्येक रविवारचा गल्ला लिहून ठेवणार, शनिवारचे गिऱ्हाईक रविवारी येते की दुसरीकडेच जाते ते पाहणार आणि पुन्हा बोलणार. हे आम्हांस रास्त वाटते. आपण काय सोडतो आहो त्याचा आकडा माणसाला ठाऊक असावा.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात प्रथम आली नव्हती, आणि अशी पेटी ज्या कोणा वाचकाच्या मालकीची असेल त्याच्यासाठी ती लिहून ठेवतो. नुसती वीज तोडून चालत नाही. वीज नसतानाही पेटीची फट उघडी राहते. शनिवारी कोणी येऊन अंधारात नाणे टाकले तर नाणे आत जाते आणि पाणी येत नाही. मग शब्बाथ पाळण्याच्या नावाखाली आपण परक्याचे पाच शेकेल गिळले. फाटकाची साखळी ओलांडून माणसे येतात, विशेषतः मुले. म्हणून थोरल्या साडूंनी लोहाराकडून चार जाड झाकणे करवून घेतली. ती फटीवर बरोबर बसतात व त्यांना छोटे कुलूप आहे. शुक्रवारी मेणबत्त्या लावण्याच्या दीड तास आधी पंपाचा मुख्य नळ बंद करावयाचा, झाकणे लावावयाची, फाटक ओढावयाचे. बाहेरच्या भिंतीवरचा पिण्याच्या पाण्याचा साधा नळ तेवढा तसाच ठेवावयाचा; त्याला नाणे लागत नाही. एका शुक्रवारी थोरले जातात, एका शुक्रवारी धाकटे.